रंजनाताईंच्या हाताखाली आठ दिवस

नागपूरला जाऊन आले म्हटलं की आमच्या चिपळूणची माणसं दोनच प्रश्न विचारतात. संत्री आणलीत का, आणि ऊन किती होतं? संत्री आणली नाहीत, आणि जानेवारी असल्यामुळे ऊन मिळेल तिथे मी अंगावर घेत होते. बाई, तुम्ही तिथे आठ दिवस केलंत काय, हे मात्र कुणी विचारत नाही. म्हणून लिहायला बसले.

मी एका महिला महाविद्यालयात चोवीस वर्षं वस्त्रशास्त्र शिकवते. 'कापडातील दोष' हे प्रकरण मला इतकं पाठ आहे की वर्गातली वीज गेली तरी माझं वाक्य अडत नाही. त्या तासाला मी तक्ता नेते. कापडाचे चौकोनी तुकडे, खाली सुवाच्य नावं, भोवती निळी चौकट. तक्ते करण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, हे आमचे प्राचार्यसुद्धा मान्य करतात. पण नवा अभ्यासक्रम आला आणि त्यात लिहिलेलं निघालं की मुलींनी काही तास प्रत्यक्ष कामाच्या जागी शिकायचं आणि त्याचे गुण पदवीत धरायचे. हे कसं करायचं, आमच्याकडे कुणालाच ठाऊक नव्हतं. नागपूरच्या एका महाविद्यालयात ते दोन वर्षं चालू आहे असं कळलं. तिथे आणखी एक रीत आहे. मुलांना पाठवण्याआधी शिक्षक स्वतः एखाद्या कामगाराच्या हाताखाली आठ दिवस काम करतात, आणि शेवटी तो कामगार शिक्षकाविषयी लेखी अभिप्राय देतो. बाहेरगावच्या शिक्षकांनाही ते घेतात. प्राचार्यांची नजर स्टाफरूमभर फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली.

गुरुवार, नागपूर

स्टेशनवर घ्यायला गजभिये सर आले होते. ते या योजनेचे समन्वयक, चाळिशीचे, वाणिज्य शिकवणारे. मी पातळ साडीत आणि बिनस्वेटरची उतरलेली पाहून त्यांनी आधी मला पोह्यांच्या टपरीवर नेलं. आमच्याकडे पोह्यांवर ओलं खोबरं पेरतात. इथे चण्याचा लालभडक रस्सा ओततात, त्याला तर्री म्हणतात. दुसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिसऱ्याला थंडी पळाली.

सरांनी स्वतः नागपूरजवळच्या वाडी गावच्या गोदामांत आठ दिवस काढले होते. ट्रकमध्ये कुठला माल आधी चढवायचा, हे ते पंधरा वर्षं फळ्यावर शिकवत आले होते. तिथल्या मुकादमाने पहिल्याच दिवशी त्यांची यादी उलटी करून दाखवली, कारण जो माल शेवटी उतरायचा तो आधी चढतो हे सर विसरले होते. मुकादमाने अभिप्रायात लिहिलं, 'माणूस चांगला आहे, घाई करते.' तो कागद सरांनी आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे.

माझी नेमणूक बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात होती. तिथल्या तपासणी विभागातल्या रंजनाताईंच्या हाताखाली. जाता जाता सरांनी एक विनंती केली. रंजनाताईंना महाविद्यालयात शिकवायला बोलवायचं त्यांच्या मनात होतं, नेमणुकीचा कागद घेऊन, रीतसर. ताईंचं शिक्षण आठवीपर्यंत. म्हणून निवड समितीने बुधवारी त्यांचा एक तास पाहायचं ठरवलं होतं. कारखान्यात कापड तपासणारं कॅमेऱ्याचं यंत्र यायचं होतं, ते आलं की तपासणीच्या बायका पॅकिंगला जाणार. बावीस वर्षांचं ज्ञान पुठ्ठ्याच्या खोक्यांत जाणार होतं. "त्या फळ्यापुढे घाबरतात," सर म्हणाले. "तुम्ही अनुभवी आहात. तास बसवायला त्यांना मदत करा."

मला अर्थातच खूप बरं वाटलं. मदत करणं हा माझा जुना छंद आहे.

शुक्रवार, बुटीबोरी

कारखान्याची बस पहाटेच निघते. खिडकीतून आत येणाऱ्या वाऱ्याने माझे दात वाजत होते. शेजारी बसलेल्या बाईने काही न विचारता आपली शाल अर्धी माझ्या खांद्यावर टाकली. तासाभराने तपासणीच्या खोलीत गजभिये सरांनी आमची ओळख करून दिली, तेव्हा कळलं की याच रंजनाताई. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, ठेंगण्या, केसांचा घट्ट अंबाडा, आणि बोलण्याआधी क्षणभर थांबणाऱ्या.

खोलीत तिरक्या ठेवलेल्या काचेची टेबलं. काचेखाली दिवे, आणि काचेवरून कापड हळूहळू सरकत असतं, नदी उतारावरून यावी तसं. ताई त्यावर उजवा तळवा ठेवून उभ्या राहतात. मध्येच यंत्र थांबवतात, आणि जिथे दोष असेल तिथे कापडाच्या काठाला लाल दोऱ्याचा एक फास बांधतात. तो फास पाहून रफूवाली पुढे नेमकी तिथे जाते.

त्यांनी मला पंधरा मिनिटं नुसतं पाहू दिलं. मग माझा हात कापडावर ठेवला आणि डोळे मिटायला सांगितलं. मी मिटले. कापड गेलं. मला गार, गुळगुळीत काहीतरी लागलं, बस. डोळे उघडले तर ताईंनी तेवढ्यात तीन फास बांधले होते.

मी म्हटलं, दिव्यात बघितलं असतं तर मला दिसलं असतं.

"डोळे तं कॅमेऱ्यालेही असते," त्या म्हणाल्या. "बोट कुठून आणणार तो?"

दिवसभरात माझ्या बोटाला एकही दोष सापडला नाही. ज्या दोषांची व्याख्या मी झोपेत सांगीन, ते माझ्या हाताखालून रांगेने निघून गेले. संध्याकाळी मी विचारलं, हे कापड कुठल्या विणकराचं, त्याचं नाव कुठे लिहिता? ताईंनी मान हलवली. नाव लिहीत नाहीत म्हणाल्या, आणि बस सुटायची म्हणून चप्पल घालायला गेल्या. शनिवारही असाच गेला, फक्त त्या दिवशी मी स्वेटर विकत घेतला होता.

रविवार, नंदनवन

रविवारी ताईंनी जेवायला घरी बोलावलं. नंदनवनात दोन खोल्यांचं घर, दारात तुळशीऐवजी गुलाबाची कुंडी, भिंतीवर ध्यानस्थ बुद्धांची तसबीर. यजमान एका शाळेत कारकून. त्यांनी 'जयभीम' म्हणत हात जोडले, मीही जोडले. मी भेट म्हणून आमसुलं नेली होती. ताईंना वाटलं हे मनुकेच. त्यांनी एक तोंडात टाकलं आणि त्यांचा चेहरा जो काही झाला, त्याने आमच्या दोघींमधला उरलासुरला संकोच संपला. यजमानांनी त्याची कढी करायला सांगितली तर ताई म्हणाल्या, याले पाहून दही आपोआप फाटन.

वडाभात होता. गरम भातावर डाळीचे वडे कुस्करायचे आणि वरून कडकडीत हिंगमिरचीची फोडणी घालायची. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह शब्दांनी करतात. इथे काही बोलत नाहीत, पळी थेट ताटात येते.

जेवण झाल्यावर ताईंनी कपाटातून एक कापडी बोचकं काढलं. बावीस वर्षांत सापडलेले दोष, प्रत्येकाचा हातभर तुकडा, साहेबांना विचारून जपलेला. सुटलेला आडवा धागा, तुटलेला उभा धागा, गाठ, जाड-बारीक सूत. माझ्या डोळ्यांपुढे लगेच निळी चौकट उभी राहिली. असा संग्रह मी विद्यापीठात पाहिला नव्हता. ताई एकेक तुकडा हातात घेऊन काही काही सांगत होत्या. पांढऱ्या रंगाचा एक वेगळा आहे, तो मीच आणीन, असंही म्हणाल्याचं मला नंतर आठवलं. त्या वेळी मी मनातल्या मनात क्रमांक घालत होते.

फळ्याची धास्ती असूनही त्यांना वर्ग का घ्यायचा होता, ते त्या दिवशी त्या बोलल्या. "पॅकिंगले गेली तं पगार तोच राहते मॅडम. पण माह्या हातात जे हाय ते कोनाले देऊ? एकदा तं एखाद्या पोरीच्या बोटात उतरलं पाहिजे." हे बोलताना त्यांची नजर आपल्या तळव्याकडे होती. मला त्यांची माया वाटली, आणि काळजी नको, सगळं माझ्यावर सोपवा, असं मी अगदी मनापासून म्हटलं. बोचकं मी घेऊन आले.

मंगळवार, चार्टपेपर

सोमवारी कारखान्यात पुन्हा शून्य दोष सापडले. मंगळवारपासून ताईंनी तासासाठी रजा घेतली होती, म्हणून मी अतिथीगृहातच राहिले आणि कामाला लागले. तुकड्यांना इस्त्री केली. चार बोटांचे चौकोन कापले. बाजारातून चार मोठे चार्टपेपर आणले, डिंकाने चौकोन चिकटवले, मराठी आणि इंग्रजी नावं घातली, चौकटी आखल्या. तरी समाधान होईना. मुलं हाताळतील, कडा निघतील, मळेल. महाविद्यालयाच्या फाटकासमोर झेरॉक्सचं दुकान होतं. तिथे चारही तक्ते पुढच्या बाजूने लॅमिनेट करून घेतले. काचेसारखे चकचकीत झाले. ताईंसाठी मी भाषणही लिहून काढलं, शुद्ध मराठीत, चार पानं.

चार वाजता ताई तालमीला आल्या. मी तक्ते भिंतीला टेकवून ठेवले होते आणि स्वतः बाजूला उभी होते, कौतुकाची वाट बघत. ताई पहिल्या तक्त्यापुढे थांबल्या. बोट पुढे केलं. ते प्लास्टिकवरून घसरलं. दुसऱ्या तक्त्यावरून घसरलं. मग त्या भराभर पुढे गेल्या आणि चौथ्या तक्त्यावर, खालच्या कोपऱ्यात, एका पांढऱ्या चौकोनावर तळवा ठेवून उभ्या राहिल्या.

मग हळूच म्हणाल्या, "हे माह्या आजीच्या लुगड्याचं होतं."

छप्पन्न साली दीक्षा घ्यायला आजी ज्या पांढऱ्या लुगड्यात गेली, ते पुढे नेसून नेसून विरलं, त्याची गोधडी झाली, गोधडीही गेली. उरला तो हा तुकडा. त्यात एक आडवा धागा सुटलेला होता. लहानपणी आजीच्या कुशीत झोपताना ताईंचं बोट रोज त्या जागी जायचं. त्यांना आयुष्यात सापडलेला पहिला दोष तोच. आणि मी तो कापून, चिकटवून, वर प्लास्टिक वितळवून बंद केला होता. खाली लिहिलं होतं, 'आडवा धागा सुटणे. क्र. १७.'

मी खुर्चीवर बसले आणि रडले. त्रेपन्नाव्या वर्षी, दुसऱ्याच्या गावात, दुसऱ्या बाईसमोर. मी म्हटलं मी समितीला जाऊन सांगते, चूक माझी आहे, तास पुढे ढकला.

"काहून?" ताई म्हणाल्या. त्यांचेही डोळे भरलेले होते, पण आवाज साधा होता. "कापड खराब निघालं म्हणून मशीन बंद करते का कोनी? तुमी चहा सांगा."

मी चहा सांगितला. ताईंनी माझी चार पानं घडी घालून मला परत दिली. चारही तक्ते मात्र उद्या वर्गात आणायला सांगितले.

बुधवार, वर्ग

वर्गात चाळीस मुलंमुली, आणि मागच्या बाकावर समिती. महाविद्यालयाच्या प्राचार्या, एक कारखानदार, आणि कोट-मफलर घातलेले एक निवृत्त प्राध्यापक. मी शेवटच्या बाकावर, मान खाली.

ताई फळ्याकडे गेल्याच नाहीत. तक्ते त्यांनी बाकांवर आडवे ठेवायला सांगितले, मुलांना भोवती उभं केलं, डोळे मिटायला लावले. हात फिरवा आणि कापड कुठं चुकलं ते सांगा, म्हणाल्या. मुलं हात फिरवत राहिली. कुणालाच काही सांगता येईना. एक मुलगी म्हणाली, ताई, सगळं एकसारखंच लागून राहिलं.

"हेच मले सांगायचं होतं," ताई म्हणाल्या. "इथं सतरा दोष हाय. नावं बी लिहून हाय. पण हात लावता येत नाही तं शिकता येत नाही."

त्यांनी माझं नाव घेतलं नाही. कुणी केलं, कसं झालं, काही नाही. मग सगळ्यांना आपापल्या अंगावरचं कापड हातात घ्यायला सांगितलं. ओढणी, शर्टाची बाही, पदर. पाच मिनिटं नुसती बोटं चालत होती. मग कोपऱ्यातून एका मुलीचा आवाज आला, ताई, इथं काहीतरी आहे. ताई गेल्या, तिच्या बोटावर आपलं बोट ठेवलं, हो म्हणाल्या आणि ओढणीच्या काठाला लाल फास बांधला. मग दुसरीकडून हाक. मग तिसरीकडून. मागे बसलेल्या प्राध्यापकांनी कुणाचं लक्ष नाही असं पाहून मफलर चाचपायला सुरुवात केली, ते मी पाहिलं.

तास संपताना या प्राध्यापकांनीच अडचणीचा प्रश्न विचारला. हे सगळं ठीक, पण तुम्ही विद्यार्थ्यांना गुण कसे देणार? कोण हुशार, कोण कच्चा, हे कागदावर कसं येणार?

ताई नेहमीसारख्या क्षणभर थांबल्या. "आमच्या इथं कोन चुकलं ते लिहत नाही, सर. कुठं चुकलं ते लिहतो. नाव लिहिलं तं माणूस चूक लपवते. जागा लिहिली तं रफूवाली सरळ तिथं जाते."

प्राध्यापकांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली. मी चोवीस वर्षांत तपासलेल्या उत्तरपत्रिका आठवत होते. प्रत्येकीवर वर नाव आणि त्याशेजारी लाल गोलात आकडा. ती मुलगी नेमकी कुठे चुकली, हे तिला कधी कळलं असेल का, कोण जाणे.

अर्ध्या तासाने गजभिये सर धावतच आले. नव्या सत्रापासून आठवड्यातले दोन दिवस, नेमणुकीच्या कागदासह. प्राचार्यांनी एक अट घातली होती, की पहिले पंधरा दिवस महाविद्यालयातल्या शिक्षकांनीही मुलांबरोबर बसायचं. ताईंनी दोन्ही हात चेहऱ्यावर घेतले आणि तशाच उभ्या राहिल्या. मला त्यांना जवळ घ्यावंसं वाटत होतं, पण तो हक्क मी मंगळवारी गमावला असं वाटून मी दूरच थांबले.

गुरुवार, स्टेशन

निघायच्या दिवशी कार्यालयातल्या कारकुनाने मला बोलावलं. ताईंनी माझा अभिप्राय भरून दिला होता, पण प्रशिक्षणार्थीच्या नावाची जागा कोरी. नाव नसेल तर फाइलला लागत नाही, तुम्हीच घाला, असं तो म्हणाला. मी कागद पाहिला. 'त्रुटी' या रकान्यात पेन्सिलने लिहिलं होतं, 'हात लावायच्या आधी चिकटवते.' खाली, 'दुरुस्त होते.' आणि कागदाच्या कडेला भोक पाडून लाल दोऱ्याचा एक फास. मी नाव घातलं. कागदाचा फोटो काढायला मात्र विसरले नाही.

दुपारच्या गाडीला ताई स्टेशनवर आल्या. एका डब्यात पाटवड्या, पिशवीत लाल दोऱ्याचं नवं रीळ, तुमच्या पोरींसाठी म्हणून. आम्ही बाकावर बसलो. मी पुन्हा माफीचं सुरू केलं, तर त्यांनी पदराच्या टोकाची गाठ सोडली आणि तो पांढरा चौकोन बाहेर काढला.

चौथ्या तक्त्यातून त्यांनी तो कापून घेतला होता. मागचा कागद कोमट पाण्यात भिजवून, नखाने थोडा थोडा काढला होता, डिंक धुऊन टाकला होता. पुढच्या बाजूला प्लास्टिक तसंच होतं, ते आता निघणार नव्हतं. मागची बाजू मोकळी झाली होती.

त्यांनी तुकडा उलटा करून माझ्या मांडीवर ठेवला. आठ दिवस मी त्यांची 'मॅडम' होते.

"डोळे मिट वं," त्या म्हणाल्या. "घाई करू नको."

मी डोळे मिटले. फलाटावर भोंगे, चहावाले, कुणाचं तरी लहान मूल. बोट कापडावर ठेवलं. जुनं, मऊ झालेलं सूत, थोडं डिंकाने ताठरलेलं. मी कुठलं नाव आठवायचा प्रयत्न केला नाही. बोट एका कडेपासून निघालं, हळूहळू सरकत गेलं, आणि मध्यावर एका जागी आपणहून थांबलं. तिथे एक बारीक मोकळी रेघ होती, केसाएवढी.

"इथे," मी म्हणाले.

ताईंनी माझ्या बोटावर आपलं बोट ठेवलं. "हो," त्या म्हणाल्या. "माहं बी इथंच थांबलं होतं."

गाडी सुटायला अजून सात-आठ मिनिटं होती. तो तुकडा दोघींच्या मध्ये धरून आम्ही तिथे बसून राहिलो.